अग्निशमन सेवेचा कारभार व लोकदेखरेख (सांगली जिल्हा)

आगीची वर्दी घेणे, आग विझवणे, अडकलेल्यांची सुटका करणे आणि इमारतींमधील आग प्रतिबंधक उपाय तपासणे ही कामे करणारी यंत्रणा कोणाच्या हुकमात चालते, तिचा खर्च कोण मंजूर करतो आणि ती चुकली तर नागरिकाने जाब कुठे विचारायचा, यासंबंधीची व्यवस्था. सांगली जिल्ह्यात अशी एकच एक यंत्रणा नाही. पोलिसांना जिल्ह्याचा अधीक्षक असतो, आरोग्याला जिल्हा आरोग्य अधिकारी असतो. अग्निशमनाला जिल्हा पातळीवर प्रमुख नाही. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा अग्निशमन विभाग वेगळा, तासगाव, विटा, आष्टा, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) अशा नगरपरिषदांचे बंब वेगळे, औद्योगिक वसाहतींची व्यवस्था महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे (एमआयडीसी) आणि साखर कारखान्यांच्या आवारातले बंब कारखान्यांचे. जितके मालक, तितक्या ठिकाणी देखरेख वाटली गेली आहे. या वाटणीत ग्रामीण भागाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही.

हद्दीचा प्रश्न

या वाटणीचे मूळ राज्यघटनेतील दोन याद्यांमध्ये आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३ पासून) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत, त्यांतला सातवा अग्निशमन सेवा. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. मत्स्यव्यवसाय, ग्रंथालये, बाजार आणि जत्राही त्यांत आहेत, आग नाही. राज्याच्या कायद्यांनी हीच रेघ अधिक ठळक केली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही ते बंधनकारक कामांत मोडते. ग्रामपंचायतीवर मात्र अग्निशमन दल उभे करण्याची अशी सक्ती नाही, आणि तिच्या उत्पन्नाकडे पाहता ती केली तरी बंब, चालक आणि चोवीस तासांची पाळी तिला परवडणारही नाही.

याचा अर्थ वाळवा, पलूस, कडेगाव या ऊसपट्ट्यात दरवर्षी कळतो. तारांना तारा घासून ठिणगी पडते आणि उसाचा फड पेटतो. शेतकऱ्याचा फोन बहुतेक वेळा जवळच्या साखर कारखान्याला जातो, कारण बंब तिथे असतो. नाहीतर तालुक्याच्या नगरपरिषदेला. नगरपरिषदेचा बंब हद्दीबाहेर जातो, पण त्यासाठी शुल्क आकारण्याची पद्धत आहे, आणि त्याच वेळी शहरात वर्दी आली तर आधी शहर, हेही ओघाने आलेच. तो बंब कुठे उभा राहावा, किती माणसे असावीत हे ठरवणाऱ्या नगरसेवकांना गावकरी मत देत नाहीत. पुढे तलाठी पंचनामा करतो, नुकसानभरपाईसाठी विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो आणि कारखाना जळीत उसाला कपात लावतो. आग विझवायला कोण आले, किती वेळात आले, हा प्रश्न या तिन्ही कागदांत कुठेच येत नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून नगरपरिषदांना अग्निशमन वाहने देण्याची सोय आहे. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असल्याने वाहनाच्या लोकार्पणाला फीत, नारळ, फुलांच्या माळा सगळे होते. वाहन चालवणाऱ्यांच्या पगाराची तरतूद मात्र त्या निधीत नसते. ती नगरपरिषदेने पाहायची.

महासभा, स्थायी आणि प्रशासक

सांगली, मिरज आणि कुपवाड या नागरी भागांची मिळून महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. अग्निशमन हा तिचा एक विभाग. त्याचा प्रमुख आयुक्तांना उत्तरदायी. आयुक्त राज्य शासन नेमते. कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, तर धोरण आणि पैसा महासभा व स्थायी समितीकडे. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. आयुक्तांचे अंदाजपत्रक आधी ‘स्थायी’पुढे, मग ७८ सदस्यांच्या महासभेपुढे जाते. नवा बंब, शिडीचे वाहन, उपकेंद्राची जागा, रबरी बोटी हे सगळे याच वाटेने मंजूर होते. नगरसेवकाला लेखी प्रश्न विचारता येतो आणि मुख्य लेखापरीक्षक खर्चावर आक्षेप नोंदवतो. महासभेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटल्यास आयुक्त तो विखंडित (रद्द) करण्यासाठी शासनाकडे पाठवू शकतात. म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा मंत्रालयाचाच.

कागदावर ही देखरेख दणकट आहे. प्रत्यक्षात सभागृहात अग्निशमन हा विषय निघतो तो दोनच वेळा: मोठी आग लागून गेल्यावर आणि वाहनखरेदीची निविदा आल्यावर. निविदेत रक्कम असते, ठेकेदार असतो, म्हणून चर्चा रंगते. फायरमनच्या रिक्त जागांवर तेवढी रंगत नाही, आणि त्यालाही कारण आहे. नवी पदे निर्माण करायची तर आकृतिबंधाला, म्हणजे कोणती व किती पदे असावीत याच्या आराखड्याला, शासनाची मंजुरी लागते. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा, हा शासनाचा निकष आडवा येतो. भरती का नाही असे नगरसेवकाने विचारले की प्रशासन मंत्रालयाकडे बोट दाखवते, आणि मंत्रालय महापालिकेच्या खर्चाकडे. ही टोलवाटोलवी राज्यातल्या बहुतेक मध्यम महापालिकांची कहाणी आहे. तिची परिणती मानधनावरच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांवर केंद्रे चालवण्यात होते. आगीत उतरणाऱ्या माणसाची नेमणूक अशी सहा-सहा महिन्यांच्या आदेशावर टांगलेली असणे ही या कारभारातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

२०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार राहिला. या व्यवस्थेत आयुक्त आणि सभागृह दोघांचे अधिकार एकाच खुर्चीत एकवटतात. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्याला मान्यता द्यायची. फायली भराभर हलतात हे खरे, पण ‘हा बंब कुपवाडला का नाही’ असे सभेत उभे राहून विचारणारा आणि त्याची इतिवृत्तात नोंद करायला लावणारा कोणी उरत नाही. कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे: प्रभागातील मतदारांनी एकत्र बसून गरजा सांगायच्या. ती क्वचितच भरते.

तपासणीचे अधिकार आणि मिरजेची रुग्णालये

विझवण्याचे काम महापालिकेचे, पण आग लागू नये म्हणून करायची तपासणी वेगळ्या कायद्याने चालते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय मुंबईत सांताक्रूझला आहे. संचालक आग प्रतिबंधक यंत्रणा तपासणाऱ्या संस्थांना परवाने देतात आणि स्थानिक यंत्रणांना तांत्रिक मार्गदर्शन करतात. जिथे अग्निशमन अधिकारी नाही अशा छोट्या शहरांतील प्रकरणेही संचालनालयाकडे जातात. मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला इमारतीची तपासणी, दोष दुरुस्तीची नोटीस, वीज-पाणी तोडणे, इमारत मोकळी करवून सील ठोकणे असे अधिकार या कायद्याने मिळतात. हे अधिकार थेट त्या पदाला मिळालेले असल्याने नगरसेवकाने किंवा सभागृहाने एखाद्या इमारतीला मोकळीक द्या असे सांगण्याला कायद्यात जागा नाही. दूरध्वनीला कायदा लागत नाही, ही गोष्ट निराळी.

या कायद्याचे केंद्र कलम ३ आहे. आग प्रतिबंधक यंत्रणा बसवणे आणि चालू ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. त्याने परवानाधारक संस्थेकडून ती तपासून घ्यायची आणि ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. यात एक अडचण दडलेली आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फी ज्याची तपासणी करायची तोच भरतो. त्यामुळे महापालिकेने काही ठिकाणी स्वतः अचानक जाऊन पाहिले नाही, तर प्रमाणपत्र केवळ फाईलला लावायचा कागद ठरते. पाहायला माणूस लागतो, आणि तो आकृतिबंधात अडकलेला.

मिरजेत याला विशेष वजन आहे. डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून मिरज वैद्यकीय नगरी म्हणून वाढली. कर्नाटक सीमेपलीकडचेही रुग्ण इथे येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशेजारी शहरभर खासगी रुग्णालये आहेत, त्यांतली कित्येक जुन्या वाड्यांच्या जागी, अरुंद बोळांत, राहत्या इमारतीतल्या एक-दोन मजल्यांवर उभी राहिली. आग लागल्यावर पळू न शकणारी माणसे आणि ऑक्सिजनची नळी एकाच खोलीत असणे म्हणजे काय, हे राज्याने २०२१ मध्ये वारंवार पाहिले. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके दगावली, एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आगीने बळी घेतले आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या शासकीय रुग्णालयात. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या ‘फायर ऑडिट’चे आदेश निघाले. शासकीय रुग्णालयांत ऑडिट होऊनही सुचवलेल्या दुरुस्त्या निधीअभावी रखडू शकतात. खासगी रुग्णालयांना मात्र नोंदणीच्या नूतनीकरणाला अग्निशमनाचा दाखला लागत असल्याने महापालिकेच्या हातात दट्ट्या आहे. दोन्हीकडे अधिकारी एकच, पण शासकीय इमारतीला सील ठोकण्याची हिंमत कोणी करत नाही.

औद्योगिक वसाहतींत पुन्हा चित्र बदलते. तिथे एमआयडीसी हीच नियोजन प्राधिकरण असते आणि ना हरकत दाखला तिचा अग्निशमन विभाग देतो. एमआयडीसीला निवडून आलेले सभागृह नाही. तिथे प्रश्न विचारायचा तर उद्योजकांच्या संघटनेमार्फत किंवा आमदारामार्फत विधिमंडळात.

पूर आणि जिल्हाधिकारी

पुरात मात्र जिल्हा एक होतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जणांचा मृत्यू झाला. ती बोट कोणत्याही अग्निशमन दलाची नव्हती, गावातलीच होती. बोटीत किती जणांनी बसावे, जॅकेट आहेत का, हे सांगणारा प्रशिक्षित माणूस तिथे असण्याची व्यवस्थाच नव्हती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून येते. पहिले काही तास स्थानिकांचेच असतात. पुढील वर्षांत गावोगावी बोटी आणि साहित्य देण्यावर भर आला. मात्र सहअध्यक्षपद ज्यांच्याकडे असते त्या जिल्हा परिषदेचीच मुदत मार्च २०२२ मध्ये संपून तिथेही प्रशासक आल्याने प्राधिकरण त्या काळात निव्वळ अधिकाऱ्यांचे राहिले.

प्रादेशिक दलाचा पर्याय

हद्दीचा प्रश्न सोडवण्याचा एक नमुना पुण्यात आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांबाहेरच्या गावांसाठी स्वतःची अग्निशमन केंद्रे उभारली. बांधकाम विकास शुल्कातून त्याला पैसा मिळतो. सांगलीभोवती तेवढी बांधकामे नाहीत. परदेशात स्कॉटलंडने १ एप्रिल २०१३ रोजी आठ प्रादेशिक दले मोडून एकच राष्ट्रीय सेवा केली. तिचे मंडळ मंत्री नेमतात, मात्र प्रत्येक स्थानिक परिषदेच्या क्षेत्रासाठी एक जबाबदार वरिष्ठ अधिकारी आणि स्वतंत्र स्थानिक आराखडा ठेवणे कायद्याने बंधनकारक केले. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी लगतच्या परिषदांचे नगरसेवक मिळून एक अग्निशमन प्राधिकरण चालवतात. सांगलीच्या बाबतीत हा इंग्लंडचा नमुना अधिक जवळचा आहे: जिल्हा परिषद आणि नगरपरिषदांचे प्रतिनिधी एकत्र बसले तर ऊसपट्ट्यातील गावालाही मत मिळेल. असे संयुक्त मंडळ जिल्ह्यात नाही.

माहितीचा अधिकार

नागरिकाच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे केंद्रातील वर्दी नोंदवही. फोन केव्हा आला, बंब केव्हा निघाला, केव्हा पोहोचला, हे तिच्यात लिहिले जाते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली ती पाहता येते, प्रत मागता येते. अर्जाला १० रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे, दुसरे ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. नमुना ब कोणी दिला आणि कोणी दिला नाही, याची यादीही मागता येते, आणि खरे तर माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे ती न मागताच जाहीर व्हायला हवी.

साखर कारखान्याच्या बंबाला हे लागू होत नाही. सहकारी संस्था सर्वसाधारणपणे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात दिला. त्यामुळे ज्या बंबावर गावाची सर्वाधिक भिस्त, त्याच्या नोंदवहीबद्दल विचारण्याची जागा कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, आणि तीही सभासदापुरती.