मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन : अधिकार कोणाचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांत अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला, की दोन वेगळ्या कागदांची गल्लत होते आणि तिला भाषाही कारणीभूत आहे. मराठीत ‘मरणोत्तर पंचनामा’ हा पोलिसांचा असतो, तर कन्नडमध्ये ‘मरणोत्तर परीक्षे’ म्हणजे डॉक्टरांनी केलेले शवविच्छेदन. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लोक फौजदाराला विचारतात.

पंचनाम्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला असतो. त्यासाठी वैद्यकीय पात्रता लागत नाही, कारण परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडे, वळ टिपून मृत्यूचे वरकरणी दिसणारे कारण नोंदवणे, एवढेच त्याचे काम असते. हा कागद इकडे बहुधा कन्नडमध्ये लिहिला जातो. पंच म्हणून सही करणाऱ्याने तो आधी मराठीत समजावून घ्यावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. विवाहानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करणे बंधनकारक आहे.

शवविच्छेदनासाठी मात्र कायदा दोनच नावे घेतो : जवळचे सिव्हिल सर्जन, किंवा राज्य सरकारने या कामासाठी नेमलेली पात्र वैद्यकीय व्यक्ती. येथे पदवी आणि नेमणूक दोन्ही लागतात. म्हणून खासगी डॉक्टर कितीही नावाजलेले असले, तरी नुसत्या पदवीच्या बळावर त्यांना हे काम करता येत नाही. उलट न्यायवैद्यकशास्त्रातील एमडी पदवी हे कलम मागत नाही, त्यामुळे तालुका रुग्णालयातील नेमलेल्या एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवालही कायदेशीर ठरतो. गुंतागुंतीच्या प्रकरणात मृतदेह बेळगावच्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची नातेवाइकांची मागणी मला रास्त वाटते, पण तो प्रश्न तज्ज्ञतेचा आहे, वैधतेचा नव्हे. हवामान आणि अंतर पाहता मृतदेह वाटेत कुजून तपासणीच निरुपयोगी होणार नाही ना, याचा विचारही याच कलमात आहे. पावसाळ्यातला जांबोटी-कणकुंबीचा रस्ता ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याचे मोल कळेल.

अमेरिकेतील मेडिकल एग्झामिनरशी आपल्या डॉक्टरांची तुलना होते, ती अपुरी आहे. तिकडे हा अधिकारी सर्वसाधारणपणे डॉक्टरच असतो आणि कोणत्या मृत्यूची तपासणी करायची, हे तोच ठरवतो. न्यूयॉर्क शहराने तर १९१८ पासून कोरोनरऐवजी (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) असा वैद्यकीय अधिकारीच नेमला. आपल्याकडे मृतदेह पाठवण्याचा निर्णय पोलिसांचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा असतो. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते खरे, पण तेथील कोरोनरचा अधिकार मुंबई शहरापुरताच होता आणि १९९९ मध्ये ते पदही रद्द झाले.

शवविच्छेदनाच्या अहवालात ‘कारण राखून ठेवले’ असे आढळले, तर डॉक्टर व्हिसेराच्या (मृतदेहातून काढून ठेवलेल्या अवयवांच्या) रासायनिक तपासणीची वाट पाहत आहेत, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ असतो. अंतिम मत डॉक्टरांकडूनच येते. पंचनाम्यातल्या वरकरणी कारणाने ती जागा भरून निघत नाही.