जीवसंख्या प्रतिमाने व नामशेष होण्याचा धोका

एखाद्या प्रजातीत दरवर्षी किती पिल्ले जन्मतात, त्यांतली किती वयात येतात आणि प्रौढांपैकी किती वर्षभर जगतात, यांवरून ती प्रजाती तगेल की नाही याचा गणिती अंदाज घेण्याची पद्धत. दुष्काळ, रोगाची साथ, नर-माद्यांचे बिघडलेले प्रमाण असे योगायोग संगणकावर हजारो वेळा घडवून किती वेळा संख्या शून्यावर येते, ते मोजतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातील प्रजातींच्या लाल यादीतील ‘ई’ हा निकष याच उत्तरावर बेतलेला आहे.

मुंबईकरांना याचे ठळक उदाहरण मलबार हिलवर सापडते. डुंगरवाडीतील पारशी दखम्यांवरची (मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या मनोऱ्यांवरची) गिधाडे दिसेनाशी झाली आणि तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (स्थापना १८८३) विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील घट १९९० च्या दशकात नोंदवली होती. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मुळावर आल्याचे २००४ मध्ये उघड झाले. पण औषधाचा अंश मोजक्याच मृत जनावरांत आढळे. त्यातून एवढा संहार कसा, ही शंका रास्त होती. ती प्रतिमानाने फेडली: विषारी मृत जनावरे १०० त १ पेक्षा कमी असली तरी पुरेत. हिशेब साधा आहे. गिधाड ३ दिवसांनी एकदा खाते असे धरले, तर वर्षाला सुमारे १२० जेवणे होतात. २०० जनावरांत एकच विषारी असले तरी वर्षभरात मरण्याची शक्यता ४५ टक्क्यांवर जाते. जोडीला वर्षाकाठी एकच अंडे, तेव्हा ही तूट भरून निघणे शक्यच नव्हते. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली.

प्रतिमानाने दिलेला नामशेष होण्याचा नेमका आकडा मात्र फार मनावर घेऊ नये. मूळ नोंदी तुटपुंज्या असतील तर तो सहज बदलतो. दोन उपायांपैकी कोणता सरस, हे ठरवायला ही पद्धत अधिक कामाची. मुंबईतील बिबट्यांचेच पाहा: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (सुमारे १०४ चौ. किमी.) कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेल्या ठिपक्यांवरून बिबटे ओळखून त्यांची संख्या काढतात. त्यांच्या बाबतीत कळीचा प्रश्न वसई खाडीपलीकडील तुंगारेश्वरच्या जंगलाशी ये-जा टिकण्याचा आहे.