विभव आणि स्थितिज ऊर्जा: इलेक्ट्रॉन उलटा का धावतो?

विद्युत विभव आणि विद्युत स्थितिज ऊर्जा ही एकाच राशीची दोन नावं आहेत, असं समजून बरेच विद्यार्थी गणितं सोडवतात. प्रभार धन असेपर्यंत उत्तरं जुळतातही. इलेक्ट्रॉन आला की सगळं बिघडतं.

विभव हा त्या जागेचा असतो. तिथे तुम्ही प्रभार ठेवा अगर ठेवू नका, भोवतालच्या प्रभारांनी तो ठरवलेला आहे. तिथे प्रभार आणून ठेवला की स्थितिज ऊर्जेची गोष्ट सुरू होते. मंडईत भाजीचा भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि बिल आपण किती घेतो त्यावर होतं, तसंच हे. व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे (कूलोम हे प्रभाराचं एकक) एक ज्यूल; विभवाला प्रभाराने गुणलं की ऊर्जा मिळते. शून्य कुठे मानायचं हे दोन्हींत आपल्याच हातात असतं, कारण कामाला येतो तो फरक.

गुणताना प्रभाराचं चिन्हही घ्यायचं, आणि खरी गंमत तिथेच आहे. निर्वातात दोन समांतर पट्ट्या घ्या, विभवांतर 100 व्होल्ट. धन पट्टीजवळ सोडलेला प्रोटॉन ऋण पट्टीकडे जातो: विभव घटतो, ऊर्जाही घटते. ऋण पट्टीजवळ सोडलेला इलेक्ट्रॉन मात्र धन पट्टीकडे, म्हणजे जास्त विभवाकडे धावतो. तरी त्याची स्थितिज ऊर्जा कमीच होते, कारण ऋण प्रभाराला विभवाची वाढ हीच ऊर्जेची घट. स्थिर अवस्थेतून मोकळा सुटलेला प्रभार नेहमी आपली स्थितिज ऊर्जा कमी होईल तिकडेच निघतो. विभवाची दिशा त्यासाठी पाहू नये.

पलीकडे पोचताना दोघांचीही गतिज ऊर्जा 100 इलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनाएवढ्या प्रभाराला एका व्होल्टमागे मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे 1.6 × 10⁻¹⁷ ज्यूल. वेग मात्र फार वेगळे: इलेक्ट्रॉनचा सेकंदाला सुमारे 5,900 किलोमीटर, तर 1,836 पट जड प्रोटॉनचा जेमतेम 140. दुप्पट प्रभाराच्या अल्फा कणाला (हेलियमच्या अणुकेंद्रकाला) त्याच विभवांतरातून 200 इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात.

म्हणूनच नुसत्या व्होल्टच्या आकड्याला घाबरण्यात अर्थ नाही. कोरड्या हवेत स्वेटर काढताना अंगाचा विभव काही हजार व्होल्टवर जातो, पण प्रभार अगदी थोडा, म्हणून साठलेली ऊर्जा ज्यूलच्या काही हजाराव्या भागांइतकी. 12 व्होल्टच्या, 50 अँपिअर-तासांच्या गाडीच्या बॅटरीत मात्र 21 लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा असते.

तारेतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग मात्र निर्वातातल्यासारखा वाढत जात नाही. ते धातूच्या आयनांवर आदळत राहतात, आणि गमावलेली स्थितिज ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.