हातांची बधिरता व मुंग्या (वेदनाशामक औषधांच्या संदर्भात)

वेदनाशामक औषधे चालू असताना हातांच्या त्वचेची स्पर्शसंवेदना कमी होणे, किंवा बाहेरून काहीही स्पर्श नसताना टोचल्यासारखे, झिणझिणल्यासारखे वाटणे. पहिल्या लक्षणास बधिरता, तर दुसऱ्यास अपसंवेदन म्हणतात. सातारा-सांगली भागात रुग्ण या दोहोंसाठी ‘हाताला मुंग्या आल्यात’ किंवा ‘हात जड पडतोय’ असेच सांगतो. कधी तर हातातून चहाचा कप निसटतो, म्हणजे मुख्यतः शक्ती उणावलेली असते, तरीही तक्रार मुंग्यांचीच असते. तिन्ही गोष्टी वेगळ्या असल्याने नेमके काय होते ते खोदून विचारावे लागते.

गोळी आणि मुंग्या एकाच काळात असल्या म्हणजे एकामुळे दुसरे झाले, असे ठरत नाही. मुंग्या हा औषधाचा परिणाम असू शकतो, ज्या दुखण्यासाठी गोळी घेतली त्याचाच भाग असू शकतो, किंवा दोहोंशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच विकारातून येऊ शकतो. मानेच्या व मनगटाच्या विकारांत दुसरी शक्यता आधी विचारात घेणे सयुक्तिक ठरते, कारण तेथे वेदना व मुंग्या एकाच दाबलेल्या मज्जातंतूपासून निघतात. गोळीने वेदना दबते, मुंग्या मात्र उरतात आणि नव्याने जाणवू लागतात.

आयुर्वेदीय ग्रंथांत बधिरतेसाठी ‘सुप्ति’ व ‘स्पर्शाज्ञत्व’ हे शब्द येतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ वा अध्याय वातरक्तावर असून त्यातील पूर्वरूपांत, म्हणजे रोगाआधी दिसणाऱ्या लक्षणांत, स्पर्शाज्ञत्वाचा समावेश आहे. हा अध्याय या ग्रंथाचा नंतरचा संस्कर्ता दृढबल याने पूर्ण केलेल्या भागातील असावा, असे बहुधा मानले जाते व दृढबलाचा काळ साधारणतः इ. स. चौथे-पाचवे शतक धरतात. वातरक्त म्हणजे नेमका कोणता रोग, याविषयी मतभेद आहेत. यूरिक अम्लाच्या स्फटिकांमुळे सांधे सुजणारा गाउट हाच वातरक्त, हे मत आजही रूढ आहे. परंतु त्वचेचा स्पर्श हरपणे, आग होणे व घाम कमी-अधिक होणे ही लक्षणे गाउटमध्ये नीट बसत नाहीत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हा रोग पायांच्या मुळाशी, क्वचित हातांशी सुरू होऊन उंदराच्या विषाप्रमाणे हळूहळू शरीरभर पसरतो, असे वर्णन आहे. टोकाकडून आत सरकणारा हा क्रम परिघीय (हातापायांकडे जाणाऱ्या) मज्जातंतूंच्या विकाराशी अधिक जुळतो. रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या विकारांचाही त्यात अंतर्भाव करणारे अभ्यासक आहेत. एकाच नावाखाली दोन-तीन रोग एकत्र आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पादहर्ष या व्याधीत सुश्रुताने पायांना मुंग्या व बधिरता सांगितली आहे. हाताच्या बाबतीत त्याची ‘विश्वाची’ ही संज्ञा जवळची असली, तरी तिच्यात बाहूचे कार्य नष्ट होण्यावर भर आहे. आधुनिक वैद्य तिची सांगड मानेतून निघणाऱ्या मज्जामुळांच्या दाबाशी घालतात.

औषधच कारण असल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण परंपरेतलेच आहे. बचनाग किंवा वत्सनाभ हे विषारी मूळ शुद्ध करून त्रिभुवनकीर्ती, वातविध्वंसन अशा रसकल्पांत (खनिजयुक्त औषधांत) वापरतात. त्यातील ॲकोनिटीन मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे प्रथम ओठ व जीभ, नंतर बोटे झिणझिणतात आणि मात्रा अधिक झाल्यास हृदयाची लय बिघडते. गोमूत्रात किंवा दुधात केलेल्या शोधनाने विषारी अल्कलॉइडे विघटित होऊन त्यांची तीव्रता बरीच उतरते, परंतु शोधन कच्चे राहिल्यास ती टिकते. अशा कल्पानंतर जीभ झिणझिणणे हे औषध लागू पडल्याचे लक्षण मानू नये.

अर्धशिशीवरील एर्गोटामीन हे अरगट या बुरशीपासून १९१८ मध्ये वेगळे करण्यात आले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटे गार, फिकी व बधिर होतात. एरिथ्रोमायसीन किंवा क्लॅरिथ्रोमायसीन सोबत घेतल्यास त्याची रक्तातील पातळी धोकादायकपणे वाढते. माण-खटावच्या बाजरीवर पडणाऱ्या अरगटातील अल्कलॉइडे वेगळ्या गटातील असून त्यांच्या विषबाधेत मुख्यतः मळमळ, उलट्या व गुंगी दिसते. अर्धशिशी टाळण्यासाठी देण्यात येणारे टोपिरामेट कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) रोखते, व हातापायांना मुंग्या हा त्याचा अगदी नेहमीचा परिणाम आहे. अर्धशिशीवरीलच सुमाट्रिप्टाननंतरही मुंग्या काही काळ येतात. ॲस्पिरिनची मात्रा अति झाल्यास श्वास जलद होऊन रक्त अल्कधर्मी होते, मुक्त कॅल्शियम घटते आणि बोटे झिणझिणतात. गाउटवरील कोल्चिसीन मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांत मज्जातंतू व स्नायू दोहोंना बाधू शकते. डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेनने मुंग्या येणे विरळ आहे, पॅरासिटॅमॉलने तर फारच विरळ. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दंडात चुकीच्या जागी टोचले गेल्यास मात्र अरीय (रेडियल) मज्जातंतूला इजा होते. अंगठ्यामागील त्वचा बधिर होते व मनगट खाली लोंबते.

सांगली जिल्ह्यातील तासगाव व मिरज तालुक्यांत ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर द्राक्षघडांची विरळणी चालते. मांडवाखाली मान वर करून उभ्या राहिलेल्या बाया छोट्या कात्रीने घडातील जादा मणी दिवसभर कापतात. मानेवर व मनगटावर एकाच वेळी ताण येतो. खांदा भरून आला की मेडिकलमधून गोळी आणली जाते. रात्री दोन-तीनच्या सुमारास मुंग्यांनी जाग येते, हात खाली सोडून झटकला की बरे वाटते, आणि सकाळी ‘गोळी उष्ण पडली’ असा निष्कर्ष निघतो. रात्री जाग येणे व हात झटकणे हे मनगटातील मध्य मज्जातंतू दाबला गेल्याचे ठसठशीत लक्षण आहे. त्यात अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू बधिर होते. कापसाचा बोळा अनामिकेच्या दोन्ही कडांवरून फिरवला असता एक कड बोथट व दुसरी जागी लागली, तर निदानाला मोठी मदत होते. करंगळी बधिर असेल, तर कोपराशी अंतःप्रकोष्ठीय (अल्नर) मज्जातंतू तपासावा लागतो. तो तेथे जाडसर लागला व त्वचेवर बधिर चट्टा असला, तर कुष्ठरोगाचा विचार करणे आवश्यक असते; मिरजेत या रोगासाठी रिचर्डसन रुग्णालय आहे. मधुमेहातील बधिरता बहुधा पायांत आधी येते.

एका बाजूचा हात एकाएकी बधिर होऊन तोंड वाकडे झाल्यास किंवा बोलणे अडखळल्यास तो पक्षाघात समजावा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. डाव्या हाताच्या मुंग्यांबरोबर छाती दाटून येत असेल, तर हृदयविकाराची तपासणी लगेच व्हावी लागते. डायक्लोफेनॅकसारख्या औषधांनी या दोन्ही विकारांचा धोका थोडा वाढतो.

ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक भारतात एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. त्याने मुंग्या येतात, आणि दीर्घकाळ घेऊन ते एकदम बंद केल्यासही येतात. मज्जातंतूंच्या वेदनेवरील प्रीगाबालीनही म्हणूनच टप्प्याटप्प्याने कमी करतात. मुंग्यांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांपैकी ब१२ चा उपयोग मुख्यतः त्याची कमतरता असेल तेव्हाच होतो. शुद्ध शाकाहारी व मधुमेहावरील मेटफॉर्मीन घेणाऱ्यांत ती आढळते. ब६ मात्र क्षयावरील आयसोनियाझिडमुळे होणारी मज्जातंतूंची हानी टाळते आणि तेच रोज २ ते ६ ग्रॅम इतक्या मात्रेने घेतल्यास हातपाय बधिर करते, हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले.