बोर्ड नसलेल्या रिंगचं गणित

२०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेसाठी निवडलेले खेळ मोजून १०. त्यात कुस्ती नाही, नेमबाजी नाही, हॉकीही नाही. नेमबाज तेजस्विनी सावंतने २००६ आणि २०१८ मध्ये याच स्पर्धेत सुवर्णपदकं आणली, त्यामुळे कोल्हापूरकरांना ही यादी झोंबणारच. नेटबॉल मात्र त्या १० मध्ये आहे. इथं पेठेत कुणाला नेटबॉलबद्दल विचारलं, तर "पोरींचा बास्केटबॉलच की तो" असं उत्तर येतं.

ते अगदीच चूक नाही. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने अमेरिकेत स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल काढला. दोनेक वर्षांत तो लंडनला मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंच्या व्यायाम महाविद्यालयात पोचला. तिथल्या मुली पायघोळ झगे घालून खेळायच्या. बॉल टप्पे देत पळवणं त्यांना जमणारं नव्हतं आणि धक्काबुक्की तर त्या काळात शोभणारी नव्हती. मग एकेक गोष्ट कमी होत गेली. टप्पे देत पळणं गेलं, अंगाला अंग लावणं गेलं, मैदानाचे तीन भाग करून प्रत्येकीला हद्द आखून दिली, रिंगमागचा बोर्डही राहिला नाही. १९०१ मध्ये नियम छापून आले. मुलींना फार दमवायचं नाही म्हणून केलेल्या या काटछाटीतून निघालेला खेळ शरीराला चांगलाच कस लावतो. याला सूडच म्हणायचं.

बोर्डापासूनच बघू. नेटबॉलची रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते, बास्केटबॉलइतकीच. पण तिचा आतला व्यास ३८ सेंटीमीटर, बास्केटबॉलच्या रिंगचा ४५.७. नेटबॉलचा बॉल सुमारे २२.३ सेंटीमीटर व्यासाचा. ३८ मधून २२ जायला अडचण ती काय, असं वाटेल. पण रिंग आडवी असते आणि बॉल तिरका येतो. तिरक्या नजरेनं पाहिलं की ती गोल रिंग चपटी दिसते. बॉल जितका सपाट येईल, तितकं तिचं तोंड त्याच्यासाठी लहान.

समजा, एक मुलगी रिंगपासून ३ मीटरवर उभी आहे आणि हात वर करून साधारण २ मीटर उंचीवरून बॉल सोडते. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर सर्वांत कमी जोर लागणारा कोन येतो जमिनीशी सुमारे ५५ अंशांचा. बॉलचा वेग सेकंदाला ६.४ मीटर. थकलेला हात आपोआप हाच कोन पकडू पाहतो. पण अशा मार्गानं गेलेला बॉल रिंगवर उतरतो तो ३५ अंशांनी, आणि त्या कोनातून रिंगचं तोंड उरतं २२ सेंटीमीटर. बॉल आहे २२.३. म्हणजे कमीत कमी कष्टाचा नेम अचूक लागला, तरी बॉल कडेला घासणारच! बास्केटबॉलमध्ये कडेला लागून उडालेला बॉल बोर्ड कधीकधी परत रिंगमध्ये टाकतो. इथं मागे काहीच नाही.

आता तीच मुलगी ६५ अंशांनी बॉल वर टाकते. वेग लागतो ६.८ मीटर, म्हणजे जेमतेम पाच टक्के जास्त. बॉल आता ५५ अंशांनी उतरतो आणि रिंगचं तोंड होतं ३१ सेंटीमीटर. पाच टक्के जोरात ९ सेंटीमीटरची सवलत मिळते. हा सौदा कुणीही घ्यावा.

शिवाय समोर बचाव करणारी उभी असते. नियमाप्रमाणे तिला शूटरच्या पायापासून ०.९ मीटर, म्हणजे तीन फूट लांब राहावं लागतं. पण तिथून हात उंचावून उडी मारायला बंदी नाही. त्या अंतरावर ५५ अंशांचा बॉल २.९८ मीटरवर असतो, ६५ अंशांचा ३.४५ मीटरवर. हा अर्ध्या मीटरचा फरक उंच बचावपटूच्या बोटांना पुरून उरतो. आंतरराष्ट्रीय सामन्यातल्या शूटरचा बॉल उगाच आभाळात फेकल्यासारखा वाटतो, त्यामागे हे आहे. किंवा मग शूटरच इतकी उंच हवी की तिच्यापुढे कुणाचे हात पोचू नयेत. जमैकाची झानिएल फाउलर साडेसहा फूट आणि श्रीलंकेची थर्जिनी शिवलिंगम ६ फूट १० इंच. तिथं बचावपटूचं कोनाचं गणितच कोलमडतं.

आपल्याकडे कॉलेजात नेटबॉलचा खांब नसला की मुली बास्केटबॉलच्या रिंगवर सराव करतात. माझ्या मते तो न केलेला बरा. ४५.७ च्या रिंगमध्ये हा बॉल ३० अंशांनीही जेमतेम का होईना, जातो, वर बोर्डाची मदत. हाताला सपाट फेकायची सवय लागते आणि स्पर्धेच्या दिवशी तोच बॉल कडेवर आपटतो. खरं तर या खेळाला लागतं तरी काय? एक लोखंडी पाइप आणि वर वेल्डिंग केलेली रिंग. महाद्वार रोडवरच्या वर्दळीतून वेल्डरपर्यंत पोचायला जास्त वेळ लागेल.

या स्वस्ताईमुळेही ब्रिटिश शिक्षिकांबरोबर हा खेळ कॅरिबियन बेटांपासून मलावी, युगांडापर्यंतच्या शाळांत रुजला. आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९६० मध्ये झाली, तीही कोलंबोला. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला पहिला विश्वचषक झाला. आजवरच्या १६ पैकी १२ वेळा ऑस्ट्रेलिया विजेता. १९७९ मध्ये तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्रिनिदाद-टोबॅगो यांना चषक वाटून घ्यावा लागला. विजेत्यांच्या यादीत या तिघांपलीकडे चौथं नाव नाही. पण पकड सैल होते आहे. २०१८ च्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात इंग्लंडच्या हेलन हाउस्बीनं अगदी शेवटच्या क्षणी गोल करून ऑस्ट्रेलियाला ५२-५१ असं हरवलं. २०२३ मध्ये विश्वचषक पहिल्यांदाच आफ्रिकेत, केपटाउनला झाला. तिथं ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला ६१-४५ नमवलं, पण न्यूझीलंड चौथा आला आणि तिसरं स्थान जमैकानं घेतलं. भारतानंही यजमान म्हणून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत संघ उतरवला होता. तिथला अंतिम सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि न्यूझीलंडनं ६६-६४ असा जिंकला.

खेळ वाढला तशी गुडघ्यांची तक्रारही वाढली. टप्पे द्यायचे नाहीत आणि बॉल तीन सेकंदांत सोडायचा. पळत येऊन हवेत झेल घेतला, की ज्या पायावर उतरलो तो पाय उचलून पुन्हा टेकवण्याआधी बॉल हातातून गेला पाहिजे. म्हणजे भरधाव शरीर एका पायावर जागच्या जागी थांबवायचं. ३० सेंटीमीटर उंच उडीनंतर उतरताना कंबर-गुडघे वाकवून शरीर ३० सेंटीमीटर खाली घेतलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या दुप्पट भार येतो. पाय ताठ ठेवून ६ सेंटीमीटरमध्येच थांबलं, तर सहापट. ५५ किलोच्या मुलीच्या पायावर ३३० किलो! खासबागच्या आखाड्यातली भुसभुशीत लाल माती त्यातला थोडा भार स्वतः पिते. सिमेंटचं कोर्ट काहीच पीत नाही.

अशा वेळी गुडघा आत वळला, की मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा तिरका अस्थिबंध तुटतो. खेळाडू त्याला एसीएल म्हणतात. अशा दुखापतींच्या चित्रफिती तपासल्यावर दिसलं, की पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलीसेकंदांत तो तुटलेला असतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे उतरल्यावर सावरायला मेंदूला सवडच नसते. पाय कसा पडणार हे उडी घेतानाच स्नायूंना ठाऊक असावं लागतं. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक होते. त्याच्या कारणांवर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण उपायावर बरंचसं आहे. सरावाआधी १५-२० मिनिटं उडी मारून दोन्ही गुडघे वाकवून उतरणं, एका पायावर तोल धरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंना ताकद देणं, पळता पळता दिशा बदलणं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नियमित असं करणाऱ्या मुलींत एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्यानं घटलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघटनेनं तर खास गुडघ्यांसाठीच असा कार्यक्रम आखला आहे.

आपल्याकडे मात्र वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या आणि चला खेळायला. फेऱ्या मारून अंग तापतं, उतरणं शिकता येत नाही. आणि हे शिकवायला कॉलेजच्या संघात निवड होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. सुरुवात जितकी लवकर, तितका फायदा जास्त असंच आजवरच्या अभ्यासांत दिसलंय. आठवीच्या पी.टी.च्या तासाला तर पाइप आणि रिंगही लागत नाही.