ईव्हीएम आणि ऑनलाइन मतदान, दोन्ही एकच समजू नका

२०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईचा निकाल फक्त ४८ मतांनी लागला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एक बातमी सगळीकडे फिरली की मतमोजणी केंद्रात कुणीतरी मोबाइलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम अनलॉक केलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं की ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही, ते मशीन कशालाच जोडलेलं नसतं, ओटीपी लागतो तो आकडे भरायच्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये लॉगिन करायला. बातमी छापणाऱ्या वर्तमानपत्राने नंतर चूक मान्यही केली, पण तोपर्यंत व्हॉट्सॲपवर ती घराघरात पोचली होती आणि आजही कुणी ना कुणी ती सांगतंच.

ही बातमी इतक्या लोकांना पटली कारण आपल्या डोक्यात "इलेक्ट्रॉनिक मतदान" असा एकच मोठा कप्पा आहे आणि त्यात ईव्हीएम, ॲप, ओटीपी, सर्व्हर, हॅकर सगळं एकत्र पडलंय. मग एक जण म्हणतो ईव्हीएम अमेरिकेत बसून हॅक होतं, आणि दुसरा म्हणतो एवीतेवी मशीनवरच मत देतो ना, मग रांगेत कशाला उभं राहायचं, मोबाइलवरच देऊ की! दोघांचीही गल्लत एकाच जागी होतेय, आणि मला वाटतं पुढच्या काही वर्षांत ही गल्लत आपल्याला महागात जाऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ईव्हीएम. बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. कंट्रोल युनिट मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर, आपण बटण दाबतो ते बॅलट युनिट आडोशाला, सोबत मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापून दाखवणारं व्हीव्हीपॅट, सगळं केबलने आपापसात जोडलेलं आणि बॅटरीवर चालणारं, इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर निदान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं, मोजून दाखवतात, पुसतात, मग सील. संध्याकाळी क्लोजचं बटण दाबलं की एकूण किती मतं पडली तो आकडा फॉर्म १७सी मध्ये लिहून एजंटांच्या हातात देतात, आणि मोजणीच्या दिवशी तोच आकडा निघाला पाहिजे. हा साधा कागद फार महत्त्वाचा आहे, पण टीव्हीवरच्या चर्चांमध्ये त्याचं नावही निघत नाही.

आणि हे मशीन काही एका रात्रीत आलं नाही. १९८२ मध्ये केरळात परूर मतदारसंघातल्या ५० बूथवर पहिल्यांदा वापरलं, सुप्रीम कोर्टाने १९८४ ला सांगितलं की कायद्यात याची तरतूदच नाही, मग कायदा बदलला, १९९९ ला आपल्या गोव्याची विधानसभा अख्खी ईव्हीएमवर झाली आणि २००४ ला लोकसभेच्या सगळ्या ५४३ जागा. म्हणजे बावीस वर्षं गेली. व्हीव्हीपॅट तर २०१३ ला नागालँडमधल्या एका पोटनिवडणुकीत आलं आणि २०१९ ला सगळीकडे पोचलं.

ईव्हीएममध्ये काहीच खोट नाही असं मी म्हणत नाहीये. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची नावं आणि चिन्हं लोड करावी लागतात, तेव्हा बाहेरून काहीतरी जोडलं जातंच, म्हणून तर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये ते सिम्बॉल लोडिंग युनिट निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं. चिठ्ठ्यांची मोजणी प्रत्येक विधानसभा मतदारसंघात फक्त पाच बूथची होते, ती मला कमी वाटते, निदान चुरशीच्या ठिकाणी जास्त व्हायला हवी. आणि महाराष्ट्रात नुकत्याच झालेल्या नगरपालिका-महापालिका निवडणुकांमध्ये तर व्हीव्हीपॅट नव्हतंच, याचा मला मनापासून राग आहे. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये गावात स्वतःच बॅलट पेपरवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. त्यांची शंका बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण मतदाराला आपलं मत कुठे गेलं ते तपासायचं असेल तर तो मागतोय ते काही चुकीचं नाही.

आता ऑनलाइन मतदान. इथे मशीन तुमचं, म्हणजे तुमचा फोन किंवा लॅपटॉप, नेटवर्क कुठल्यातरी कंपनीचं, सर्व्हर सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या कुणाचा, आणि बूथ नावाची जागाच नाही. एजंट नाही, आडोसा नाही, सील नाही, १७सी नाही. तुम्ही स्क्रीनवर एक नाव दाबलं, सर्व्हरवर तेच पोचलं का, हे तुम्हाला स्क्रीनच सांगणार. फोनमध्ये एखादं भलतं ॲप बसलेलं असेल तर स्क्रीनवर एक आणि पाठवलं दुसरंच, असंही होऊ शकतं.

दोन्हीतला फरक कळायला २०१० हे एकच वर्ष पुरेसं आहे. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन, आपल्याकडचे हरी प्रसाद आणि नेदरलँडचे रॉप खोंखरैप यांनी खरं भारतीय ईव्हीएम उघडून दाखवलं की डिस्प्लेचा भाग बदलला किंवा मेमरीवर एक छोटं क्लिपसारखं यंत्र लावलं तर मतं फिरवता येतात. (ते मशीन मुंबईतल्याच सरकारी ताब्यातून बाहेर गेलं होतं आणि हरी प्रसाद यांना त्यासाठी अटकही झाली.) आता त्याच वर्षी, त्याच हाल्डरमन यांनी दुसरीकडे काय केलं बघा. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीने परदेशातल्या मतदारांसाठी इंटरनेट मतदान सुरू करायचं ठरवलं आणि आधी लोकांना जाहीर आमंत्रण दिलं की या, तोडून दाखवा. त्यांच्या टीमने ४८ तासांच्या आत सिस्टीम ताब्यात घेतली, पडलेली सगळी मतं बदलली, गुप्त मतं कुणाची काय तेही पाहिलं, आणि मत दिल्यावर त्यांच्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय करून ठेवली. अधिकाऱ्यांना कामाचे जवळजवळ दोन दिवस पत्ताच नव्हता, ते गाणं वाजलं म्हणून कळलं. सिस्टीम बंद केली.

म्हणजे तोडणारा माणूस एकच. पण ईव्हीएमसाठी मशीन हातात यावं लागलं, उघडावं लागलं, आणि अख्खी निवडणूक फिरवायची तर हे सील असलेल्या, पहाऱ्यातल्या, वेगवेगळ्या तालुक्यांत पसरलेल्या शेकडो मशीनवर करावं लागेल आणि तेवढी माणसं गप्प ठेवावी लागतील. डीसीत कुणी जागेवरून हललंसुद्धा नाही आणि एका फटक्यात सगळी मतं गेली. ईव्हीएममधला घोटाळा किरकोळीत करावा लागतो, ऑनलाइनमधला घाऊक होऊ शकतो. त्यामुळे ईव्हीएमवर संशय आहे म्हणणाऱ्याने तर ऑनलाइनला दुप्पट विरोध करायला हवा, आणि ईव्हीएम सुरक्षित आहे हे ऑनलाइन सुरक्षित असण्याचं कारण होऊच शकत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, युपीआयवर पैसे जातात मग मत का नाही जाणार. प्रश्न चांगला आहे. पण युपीआय सुरक्षित वाटतं कारण सगळं नोंदलेलं असतं, कुणी, कुणाला, किती, कधी. चुकीचं गेलं तर स्टेटमेंट दिसतं, बँकेत तक्रार करता येते, पैसे परत मिळू शकतात. आणि फसवणूक तरीही होतेच. मताचं स्टेटमेंट निघूच नये असा नियम आहे. तुम्ही मत दिलं हे नोंदवायचं, पण कुणाला दिलं ते कुणालाच, अगदी आयोगालाही कळता कामा नये, आणि तरीही बेरीज बरोबर आहे हे हरलेल्या उमेदवारालाही पटलं पाहिजे. या दोन अटी एकत्र पाळणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. कंपन्यांच्या सभेत शेअरहोल्डर ऑनलाइन मत देतात ते चालतं, कारण तिथे लोकसभेसारखी गुप्तता लागत नाही.

एस्टोनियाचं उदाहरण प्रत्येक जण देतो आणि द्यायलाच पाहिजे, कारण त्यांनी हे खरंच मन लावून केलंय. २००५ पासून सुरू आहे आणि २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त, ५१ टक्के मतं इंटरनेटवरून आली. तिथे प्रत्येकाकडे चिपचं ओळखपत्र आहे, ओळख पटवायला एक पिन आणि सहीसाठी दुसरा. मत दिल्यावर दुसऱ्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून सर्व्हरवर काय पोचलं ते थोड्या वेळात तपासता येतं. कुणी दबाव आणला तर नंतर कितीही वेळा पुन्हा मत देता येतं, शेवटचं धरतात, आणि आता मतदानाच्या दिवशी बूथवर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाइनचं रद्द. एवढं करूनही २०१७ ला निवडणूक तोंडावर असताना साडेसात लाख कार्डांच्या चिपमध्ये दोष सापडला होता. आणि देश केवढा, तर सगळे मिळून दहा लाखांच्या आत मतदार. आपल्याकडे २०२४ ला ९७ कोटींच्या आसपास होते.

बाकीच्यांचा अनुभव थोडक्यात सांगतो. नॉर्वेने २०११ आणि २०१३ ला प्रयोग केला आणि थांबवला. स्वित्झर्लंडने २०१९ ला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर उघड केला, संशोधकांना त्यात गंभीर चूक सापडली, बंद केलं, २०२३ ला मोजक्या कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यांमध्ये पुन्हा सुरू केलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकीत ऑनलाइन यंत्रणा ताणाखाली कोलमडली, अनेकांना मतच देता आलं नाही आणि कोर्टाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे हॅकर वगैरे कुणीच नव्हता.

पण खरं सांगायचं तर माझी मोठी भीती हॅकरची नाहीच. ती घरातली आहे.

आपल्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं वाटली जातात, "लक्ष्मीदर्शन" म्हणून त्यावर लोक हसतातही. पण पाकीट घेणारी बाई दुसऱ्या दिवशी आडोशामागे एकटीच असते, मोबाइल आत नेता येत नाही, ती कुणाचं बटण दाबते हे पाकीट देणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, आणि म्हणून कितीतरी जण पैसे एकाचे घेतात आणि मत दुसऱ्याला देतात. आता मोबाइल मतदान आलं की तोच कार्यकर्ता घरी येऊन बसणार, "ताई, आणा बघू फोन, मी करून देतो." सुनेचं मत सासऱ्यासमोर, पोराचं बापासमोर, कामगाराचं मालकासमोर. ज्या घरात बाईच्या फोनचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असणं हे साधं समजलं जातं, तिथे गुप्त मतदान होणार कसं? बूथवरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा म्हणजे अनेक बायकांसाठी पाच वर्षांतली एकमेव जागा आहे जिथे त्यांना कुणी काही सांगू शकत नाही. तो काढून घेण्याआधी त्यांना कुणी विचारलंय का? पुन्हा मत द्यायची एस्टोनियासारखी सोय दिली तरी फोनच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर ती वापरणार कोण.

हे लांबचं राहिलेलं नाही. २०२१ ला तेलंगणात खम्ममला मोबाइल मतदानाची रंगीत तालीम झाली, आणि २८ जून २०२५ ला बिहारमध्ये राज्य निवडणूक आयोगाने नगरपालिकांच्या मतदानात ॲपवरून खरी मतं घेतली, ज्येष्ठ, अपंग, गरोदर बायका आणि बाहेरगावी असलेल्यांसाठी. चेहरा जुळवला जायचा, एका मोबाइल नंबरवरून दोनच मतदार, झालेल्या नोंदी मागाहून बदलता येऊ नयेत म्हणून ब्लॉकचेन वगैरे. हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण चेहरा जुळवून हे कळतं की फोनसमोर कोण आहे, बाजूला कोण बसलंय ते कळत नाही. आणि ब्लॉकचेन नोंद झालेलं मत जपून ठेवतं, फोनमध्येच ते बदललं गेलं असेल तर बदललेलंच जपून ठेवतं.

मग जे खरंच पोचू शकत नाहीत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला टाळायचा नाहीये. परदेशातल्या भारतीयांना नाव नोंदवता येतं पण मत द्यायला इथे यावं लागतं, २०२४ ला नोंदणी सुमारे १ लाख १९ हजारांची होती आणि प्रत्यक्ष आले ते तीन हजारांच्या आत. त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आपल्याकडे तयार आहे, सैन्यातल्या मतदारांसाठी २०१६ पासून चालतो तो. मतपत्रिका ऑनलाइन येते, ती प्रिंट करायची, खूण करायची आणि पोस्टाने परत पाठवायची. इंटरनेटवरून जाते ती कोरी मतपत्रिका, मत परत येतं ते कागदावरच. यालाही लोक ऑनलाइन मतदान म्हणतात, पण ते ऑनलाइन मतदान नाही. तिथेही बाजूला कुणी बसलेलं असू शकतं, ते खरंय, पण निदान कागद उरतो आणि संख्या कमी आहे.

देशातल्या देशात बाहेर असणाऱ्यांचा प्रश्न मात्र जास्त मोठा आहे. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, म्हणजे बीडकडचा ऊसतोड कामगार ऐन मतदानाच्या वेळी कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात फडावर. त्याला मोबाइल ॲप द्या म्हणणाऱ्यांनी एकदा विचार करावा की उचल दिलेल्या मुकादमासमोर तो कामगार कुणाचं बटण दाबेल. त्याला हवंय ते फडाजवळ एक खरं बूथ, जिथून त्याच्या गावच्या मतदारसंघात मत देता येईल. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नेमकं असंच मशीन आणलं होतं, रिमोट व्होटिंग मशीन, एका बूथवरून ७२ मतदारसंघांचं मतदान, आणि तेही इंटरनेटशिवाय. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले, की स्थलांतरित कुणाला म्हणायचं, परराज्यातल्या बूथवर एजंट कुठून आणायचे. हे प्रश्न रास्त आहेत, पण सुटण्यासारखे आहेत. साखर कारखान्यांकडे कामगारांच्या नोंदी असतात, हंगाम ठरलेला असतो, फड कुठे आहेत ते माहीत असतं, तर पुढच्या विधानसभेआधी निदान चार-पाच कारखान्यांच्या परिसरात, व्हीव्हीपॅटसकट आणि सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर, हे करून बघायला काय हरकत आहे?