डेलाइट सेव्हिंग टाइम

संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून उन्हाळा आला की घड्याळ एक तास पुढे आणि थंडी आली की परत मागे करायची पद्धत, युरोपात हिलाच समर टाइम म्हणतात. भारतात ही पाळत नाहीत, पण ज्यांची पोरं न्यूजर्सीला आहेत त्या जळगाव-धुळ्याच्या घरांना ती पक्की ठाऊक आहे, पोराचा तिकडचा रात्री नऊचा फोन हिवाळ्यात इकडे सकाळी साडेसातला येतो आणि मार्चपासून साडेसहालाच वाजतो.

कल्पना मूळ कोणाची यावर वाद आहे. पुष्कळ ठिकाणी बेंजामिन फ्रँकलिनचं नाव दिसतं, पण त्याचं १७८४ चं पॅरिसमधलं पत्र मेणबत्त्या वाचवायला लवकर उठा असं गमतीत सांगणारं होतं, घड्याळ फिरवायचा त्यात विषयच नाही, म्हणून तो दावा टिकत नाही. न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन पोस्टात शिफ्टची नोकरी करायचा, सुटला की उजेडात किडे गोळा करायचा, त्याने १८९५ मध्ये वेलिंग्टनला दोन तासांचा प्रस्ताव मांडला. लंडनचा बिल्डर विल्यम विलेट याने १९०७ मध्ये पत्रक काढलं, एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं असे एकूण ८० मिनिटं पुढे जायचं, असा त्याचा हिशोब. प्रचाराचं श्रेय विलेटला द्यावं, पण पहिला मान हडसनचाच धरलेला बरा. कॅनडातल्या पोर्ट आर्थर गावात १९०८ पासून हे सुरू झालं असं सहसा मानतात, देशपातळीवर मात्र ३० एप्रिल १९१६ ला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने महायुद्धात कोळसा वाचवायला आधी केलं, ब्रिटनने तीन आठवड्यांनी, आणि विलेट १९१५ लाच वारला होता.

आज अमेरिकेत मार्चचा दुसरा ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर फरक फक्त अर्ध्या तासाचा. मोरोक्को रमजानमध्ये घड्याळ मागे घेतो. ब्राझीलने २०१९ मध्ये, इराण आणि मेक्सिकोने २०२२ मध्ये पद्धत सोडली (मेक्सिकोत सीमेवरची काही गावं वगळून), इजिप्तने २०२३ मध्ये परत आणली.

भारतात दुसऱ्या महायुद्धात, साधारण १९४२ ते १९४५, घड्याळ एक तास पुढे होतं. खानदेशापुरतं बघायचं तर आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जळगाव ७५.५ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं धरली तर घड्याळ सूर्याच्या २८ मिनिटं पुढेच आहे आणि नंदुरबारला तर ३३, म्हणजे अर्धा तास आपण बाराही महिने पुढेच चालतो. शिवाय जळगावला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसात फरक जेमतेम अडीच तासांचा, लंडनला आठ तासांहून जास्त. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की इथे घड्याळाला कोणी हात लावत नाही, वेळापत्रक बदलतं, शाळा सकाळची होते, मजूर झुंजुमुंजूला रानात जातात आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी येतात, संध्याकाळी तासभर जास्तीचं ऊन इथे कोणालाच नको असतं.